तामसमामांची दोन बटणं

तामसमामा शांत बसलेले दिसले की वस्तीतल्या बायका मामींना विचारायच्या, "वयनी, बुवाले ताप गिन आला काय?" रागात असणं हीच त्यांची तब्येत होती. आमच्या वऱ्हाडात तापट माणसाला तामस म्हणतात. मतदारयादीत त्यांचं वेगळं नाव होतं, पण त्या नावानं कोणी हाक मारलेली मी ऐकली नाही. ते माझ्या आईचे सख्खे भाऊ नव्हते. दोघांचं गाव एक, म्हणून ते माझे मामा. तेल्हाऱ्याजवळच्या आमच्या गावात ते विहिरी खोदायचे, आणि विहिरीचं काम नसेल त्या दिवशी एकतारीवर स्वतः रचलेली गाणी म्हणायचे. त्यांच्याविषयी मी लिहावं की नाही, मला नीट ठरवता येत नव्हतं. पण आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. मी लिहिलं नाही तर सरपंचांचं भाषण तेवढं लोकांच्या लक्षात राहील, आणि ते मला सहन होणार नाही.

मामांना रागवायला मोठं कारण लागत नसे. बशीतला चहा निवला तर ते चहा करणाऱ्यावर नव्हे, बशीवर रागवायचे. एस.टी. उशिरा आली की ड्रायव्हरला विचारायचे, "काऊन बाप्पा, बैल जुपले होते काय गाडीले?" माझ्या पुस्तकावर धूळ दिसली की माझी धडगत नसे. "तुह्या हाताले माती लागू नये म्हनून आमी मातीत हात घालून राहिलो, अन् तू पुस्तकावरच माती साचवून ठेवतं?" असं म्हणत ते स्वतःच्या धोतराच्या सोग्यानं पुस्तक पुसायचे. पुसताना मात्र हात इतका हलका असे की पान वाकत नसे.

लाऊडस्पीकरवर कोणी 'हॅलो, हॅलो' म्हणायला लागलं की त्यांचं डोकं फिरायचं. "हॅलो म्हनजे काय बे? गाव काय टेलिफोनात बसलं हाय? समोर मानूस दिसते ना, त्याले नाव घेऊन इचार, शेवंताबाई, आइकू येते काय म्हनून!" लोक हसायचे. मामा हसत नसत. ऐकू येणं ही त्यांच्या दृष्टीनं थट्टेची गोष्ट नव्हती.

नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी जुनी भजनं सोडली आणि बुद्धाची, शाळेची, विहिरीची गाणी रचायला घेतली. साथीला टाळकरी नाही, ढोलकी नाही, एकटा माणूस आणि एक तार. बाकीच्या मंडळींचे कार्यक्रम रात्री व्हायचे, मामा मात्र उन्हं कलायच्या वेळेला गायचे. त्याला कारण होतं. मामी सगळ्यांच्या मागे, अगदी शेवटच्या बाईच्या शेजारी बसायच्या. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू यायचं, आणि मामांच्या मते शब्द तपासायला त्याहून चांगला कान गावात नव्हता. एखादा शब्द पोचला नाही की मामी हात वर करायच्या. हात दिसला की मामा ती ओळ पुन्हा म्हणायचे. तो हात दिसावा म्हणून उजेड लागायचा, इतकंच. वस्तीत सगळ्यांना ही रीत ठाऊक होती. "शेवटच्या बाईले आइकू नाई गेलं, त मी काय या एकतारीच्या भोपळ्याले गानं सांगून राहिलो काय?" असं ते म्हणत.

एका वैशाख पौर्णिमेला ग्रामपंचायतीनं चावडीसमोरच्या मैदानाची परवानगी दिली, पण अट घातली की लाऊडस्पीकर पंचायतीचाच लावायचा. यंत्रापाशी सरपंच स्वतः बसले. सरपंचांच्या मळ्यातली मोठी विहीर मामांनीच खोदलेली होती. माईक एकच होता, तो तोंड आणि एकतारी यांच्या मधोमध ठेवला होता. मामांनी गाणं सुरू केलं:

दगड फोडला आमी, गाळ काढला आमी,
झरा लागला तवा म्हने, सरका मांगं तुमी.

पहिली ओळ कडुनिंबावरच्या भोंग्यातून खणखणीत निघाली. दुसरी ओळ आली आणि सरपंचांनी आवाज जाड करणारं बटण फिरवलं. शब्द घुमून गेले, मागच्या लोकांना फक्त तार ऐकू आली, टुंग, टुंग. मामींचा हात वर गेला. मामांनी ओळ पुन्हा घेतली, बटण पुन्हा फिरलं. असं तीनदा झालं. सरपंच तोंड दुसरीकडे करून पान चघळत होते, जणू त्यांचं बोट दुसऱ्याच कुणाचं आहे. मी अकरावीला होतो. उठून वायर तोडायला निघालो, तर मामांनी गाता गाताच माझं मनगट धरलं. नंतर म्हणाले, "राग गळ्यात ठेवावा लेका. बोटात उतरला का तो त्या सरपंचासारखाच होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभं राहून त्यांनी जाहीर केलं, "मले माह्यं यंत्र पायजे. दोन माईकचं, दोन बटनाचं. एक बटन गळ्याचं, एक तारेचं. अन् दोन्ही माह्या हातापाशी."

वस्तीनं वर्गणी काढली, त्याला वर्ष-दीड वर्ष लागलं. तोवर मी अमरावतीला कॉलेजात गेलो होतो, म्हणून यंत्र निवडायचं काम माझ्याकडे आलं. अमरावतीच्या एका दुकानात मी चौकशी केली. मालकानं विचारलं, "पार्टी केवढी आहे?" मी सांगितलं, एकटेच गातात, एकतारीवर. तो म्हणाला, "एकट्याला दोन माईक? अहो, एकट्याला भोंगा तरी कशाला?" आणि हसला. मीही हसलो. त्या माझ्या हसण्याचा मला अजून राग येतो. त्यानं दिलेली इंग्रजी माहितीपुस्तिका मी वसतिगृहात डिक्शनरी घेऊन वाचली. चार आणे समजलं, बारा आणे नाही. पण गावी पत्र लिहिताना मी लिहिलं, "सर्व समजून घेतले आहे. काळजी नसावी."

मग एका रविवारी मामा, मामी आणि मी अकोल्याला जठारपेठेतल्या रेडिओच्या दुकानात गेलो. गल्ल्यावर शेठ होते. आतल्या बाजूला स्टुलावर एक म्हातारे मिस्त्री कथलाचा डाग देत बसले होते; त्यांना सगळे चाचा म्हणत. शेठनी एक चकचकीत यंत्र पुढे ठेवलं. त्याला चार बटणं होती. "हा लेटेस्ट मिक्सर. चार माईकचे आवाज एकत्र मिसळतो."

"मले मिसळाचं नाई," मामा म्हणाले. "मिसळूनच त वाटोळं झालं. मले येगळं पायजे."

शेठ समजावू लागले की बटणं वेगळी असतात म्हणूनच नीट मिसळता येतं. मामांनी ते अर्धवट ऐकलं, पिशवीतून एकतारी काढली आणि मामींना म्हणाले, "तू रस्त्यापल्याड जाऊन उभी राय. त्या रसवंतीपाशी." मामी पदर खोचून निघाल्या. गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. रसवंतीच्या बाकावर माझ्या वर्गातला एक अकोल्याचा मुलगा ग्लास घेऊन बसला होता. माझ्या अंगावर इस्त्रीची पँट होती. मी पटकन म्हणालो, "मामा, इथं गायची काही गरज नाही. पुस्तिकेत सगळं लिहिलेलं असतं."

"समदं?"

"हो."

"तुह्या मामीले आइकू येईन का नाई, तेबी?"

मी हो म्हणालो.

आतून चाचा म्हणाले, "बेटा, बुवा को गाने दो. कान से देखने की चीज है."

मी त्यांना म्हणालो, "चाचा, हे इंग्रजीत आहे." ते पुन्हा खाली मान घालून डाग द्यायला लागले. मामींना मी खुणेनं परत बोलावलं.

यंत्राच्या मागच्या पट्टीवर ए.सी./डी.सी. असं छापलेलं होतं. आमच्या वस्तीत वीज नव्हती. गावात खांब आले ते चावडीपर्यंत येऊन थांबले होते. पण बॅटरीची वीज डी.सी. असते एवढं मला माहीत होतं. मी शेठना विचारलं, "दोन्हींवर चालतं ना?" ते म्हणाले, "चालतं, चालतं." मी मामांकडे वळून म्हणालो, "हेच घ्या." मामांनी एकतारी पिशवीत घातली आणि वर्गणीचे पैसे मोजून दिले.

पुढची वैशाख पौर्णिमा आमच्या वस्तीतच झाली. आसपासच्या चार गावांतून माणसं आली. तेल्हाऱ्याहून मोटारची बॅटरी बैलगाडीतून आणली होती. मी वायरी जोडल्या, बटण दाबलं. यंत्रावरचा तांबडा दिवा लागला नाही. पुन्हा जोडल्या, पुन्हा दाबलं. लोक वाट बघत होते आणि मी ती पुस्तिका उघडून उभा होतो. तेवढ्यात चावडीकडून सरपंचांचा माणूस आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "बुवा, तार देऊ काय चावडीतून? लाईट त आमच्याच इकडं हाय ना बाप्पा!"

मामांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. माईक बाजूला सारला आणि उघड्या गळ्यानं गायला सुरुवात केली. मामींचा हात ओळीओळीला वर जात होता. मामा प्रत्येक ओळ दोनदा, कधी तीनदा म्हणत होते. विहिरीच्या गाण्यापर्यंत त्यांचा गळा फाटला होता. शेवटी मामींनी हात वर करायचं सोडून दिलं. त्यांना ऐकू येत नव्हतं, हे मला मागे वळून बघताच कळलं. मामांनाही कळलं असणार.

त्या संध्याकाळी मामा मला रागावले नाहीत. बशीवर रागावणारा माणूस माझ्यावर रागावत नाही, हे मला सोसेना. मीच म्हणालो, "मामा, मला बोला काहीतरी. डी.सी. म्हणजे बॅटरी असं मला वाटलं. मला ते पुस्तक नीट समजलं नव्हतं."

तेव्हा ते भडकले. "मंग हे अकोल्यात काऊन नाई बोललास? मले वाचता येत नाई, ते मी दहा लोकाईत सांगतो. तुले वाचता येते, पन समजलं नाई हे सांगाची लाज वाटली? एवढे वर्सं शाळेत गेला, अन् 'मले समजलं नाई' एवढं वाक्य नाई शिकवलं काय त्याईनं तुले?" त्यांचा आवाज बसला होता, त्यामुळे ते ओरडणं नुसतं घशातल्या घशात घरघरत होतं. माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं खरं बोललेलं नाही.

आठ दिवसांनी यंत्र डोक्यावर घेऊन आम्ही तिघं पुन्हा जठारपेठेत गेलो. ए.सी./डी.सी. म्हणजे घरातल्या तारेतून येणारी दोन प्रकारची वीज, मोटारच्या बॅटरीचा तिथे काही संबंध नाही, हे चाचांनी एका वाक्यात सांगितलं. शेठ म्हणाले, "वापरलेला माल परत घेत नाही." मामींनी हात वर केला. "आइकू नाई आलं. पुन्हा म्हना." शेठनी पुन्हा सांगितलं. मामींचा हात पुन्हा वर. दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी शेठना तेच वाक्य सहा-सात वेळा म्हणायला लावलं, आणि दर वेळी ते वाक्य थोडं हळू होत गेलं. येणारं गिऱ्हाईक थांबून बघत होतं. मामींना खरोखरच ऐकू येत नव्हतं की कसं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शेवटी चाचाच म्हणाले, "शेठ, आपने ही बोला था दोनों पे चलेगा. रख लो. मैं बुवा को दूसरा बना देता हूँ."

मी चाचांसमोर गेलो. "चाचा, त्या दिवशी मला समजलं नव्हतं, आणि मी तुम्हाला..."

"अब समझा ना? फिर ये पेचकस पकड़," म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला.

चाचांनी पत्र्याच्या डब्यात बसवलेलं यंत्र काही दिसायला देखणं नव्हतं. मोटारच्या बॅटरीवर चालायचं आणि चालताना थोडं गुणगुणायचं. त्याला दोनच बटणं होती, एक मोठं, एक लहान. मोठं गळ्याचं. या वेळी मामी रसवंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि मामा दुकानाच्या दारात बसून गायले. मधल्या रस्त्यावरून टांगे, सायकली, हातगाड्या जात होत्या. मामींचा हात वर गेला. शेठ म्हणाले, "आवाज वाढवा." चाचा म्हणाले, "बुवा को बड़ा आवाज नहीं, साफ आवाज मंगता," आणि त्यांनी आतला एक बारीक तुकडा बदलला. पुन्हा गाणं, पुन्हा हात. मग चाचांनी माईकच बदलला. तोंडाजवळ साधा, हलका माईक दिला आणि जड, घुमणारा एकतारीला दिला. मामांनी स्वतः लहान बटण जरासं मागे फिरवलं. तार मागे सरली आणि शब्द पुढे आले. "सरका मांगं तुमी" ही ओळ रस्ता ओलांडून गेली. मामी रसवंतीपाशी दोन्ही हात पदरात घेऊन उभ्या होत्या. रसवंतीवाला चरक थांबवून ऐकत होता.

"हेच," मामा म्हणाले. आणि ताबडतोब माझ्यावर ओरडले, "पाहून काय राहिला? लिहून घे कोनती तार कुठं लागते ते. न समजलं त इचार!"

त्यानंतरची तीन-चार वर्षं तो डबा सायकलच्या कॅरिअरवर बांधून मामा गावोगाव गायले, पार तिवशापर्यंत. बटणांना त्यांच्याशिवाय फक्त माझा हात लागे, तोही सुट्टीत. एकदा शाळेच्या समारंभात पंचायतीचं यंत्र बंद पडलं आणि सरपंचांनी मामांचा डबा मागवला. वस्तीतले तरुण म्हणाले, देऊ नका. मामांनी दिला. मी यंत्रापाशी बसलो होतो. सरपंच बोलायला उभे राहिल्यावर माझं बोट मोठ्या बटणाकडे गेलं. मामांनी डोळे वटारले. "फिरवू नोको. आइकू जाऊ दे त्याचंबी, अक्षर न् अक्षर. लोकायले कळलं पायजे, हा मानूस काय बोलून राहिला ते." तेव्हा ते मला पटलं नव्हतं.

मामा गेले तेव्हा मी बी.ए.च्या परीक्षेला बसलो होतो. कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. मला कळवायचं नाही, असं त्यांनीच मामींना बजावलं होतं. शेवटचा पेपर देऊन वसतिगृहात आलो तर दाराच्या फटीत पोस्टकार्ड पडलेलं. त्यांचा मला फार राग आला. तो कुणावर काढावा, हे कळेना. बशीसुद्धा जवळ नव्हती.

शोकसभा पंचायतीनं ठेवली, कारण निवडणूक तोंडावर होती. चावडीसमोर तेच मैदान, तोच कडुनिंब. यंत्र मामांचं लावलं आणि त्यापाशी मी बसलो. टेबलावर त्यांची एकतारी हार घालून उभी केली होती, तिच्यापुढे तिचा माईक तसाच ठेवला होता. ऊन कललं होतं. मामी नेहमीच्या जागी बसल्या, शेवटच्या बाईच्या शेजारी.

सरपंच उठले. बुवा म्हणजे गावाचं भूषण, बुवा माझे थोरले बंधू, असं खूप बोलले. मग म्हणाले, "बुवांचा आवाज या गावानं कधी दाबला नाही. हे मैदान त्यांच्यासाठी सदैव खुलं होतं."

माझ्या डोक्यात रक्त चढलं. मोठं बटण माझ्या बोटाखाली होतं. अर्धा वेढा फिरवला असता तर तो माणूस नुसते ओठ हलवत उभा राहिला असता. मग मी बटण फिरवलं, पण उलट दिशेला. आवाज पुरा मोकळा सोडला. शेवटच्या बाईपर्यंत अक्षर न् अक्षर पोचलं पाहिजे, असं.

आणि मामींचा हात वर गेला.

वस्तीची सगळी माणसं मागे वळली. सरपंचांना त्या हाताचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं, म्हातारीला काही मागायचं आहे. ते थांबले. मला सभेत बोलायची सवय नाही. वर्गातसुद्धा मी उभा राहिलो की माझी जीभ जड होते. पण एकतारीचा माईक माझ्या हाताजवळ होता. मी लहान बटण पुढे सरकवलं आणि त्यात म्हणालो, "साहेब, मागं ऐकू गेलं नाही. ते शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा."

सरपंचांनी माईककडे पाहिलं. मग मागे पाहिलं. मामींच्या शेजारच्या शेवंताबाईनं हात वर केला, मग तिच्या पुढच्या बाईनं. एकेक करत मागच्या दोन्ही रांगांमधले हात वर झाले. सरपंचांनी तोंड उघडलं. भोंग्यातून फक्त त्यांचा श्वास ऐकू आला, अगदी स्वच्छ, मैदानाच्या टोकापर्यंत.

मामींनी हात खाली घेतला नाही.